हेडफोन जोडलाय की नाही, हे रास्पबेरी पायवरच्या स्क्रिप्टला कसं कळतं?

२०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ आला तेव्हा त्याच्यावरून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक गायब झाला होता. झीरोच्या छोट्या बोर्डांवर तर तो कधी नव्हताच. म्हणजे या चिमुकल्या कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर काढायचा तर एचडीएमआय, यूएसबी नाहीतर ब्लूटूथ, आणि २०१६ च्या पाय ३ पासून मुख्य बोर्डांवर ब्लूटूथ आधीच बसवलेलं असल्यामुळे बहुतेक जण तिकडेच वळतात. हेडफोन पेअर होतो, गाणं वाजतं, सगळं मस्त. मग मनात येतं की स्पीकर चालू केला की रेडिओ आपोआप सुरू व्हावा, हेडफोन बंद केला की गाणं थांबावं, काहीच जोडलेलं नसेल तर आवाज टीव्हीवर जावा. इथे खरी अडचण सुरू होते, कारण त्यासाठी आधी स्क्रिप्टला, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, कळायला हवं की आत्ता हेडफोन जोडलाय का.

ऐकायला हा हो किंवा नाही एवढाच प्रश्न वाटतो. पण कुणाची स्क्रिप्ट हेडफोन बंद असताना हो म्हणते, कुणाची कानात गाणं वाजत असताना नाही म्हणते, कुणाची हाताने चालवली की बरोबर आणि बूटच्या वेळी चुकीची. यात गोची एकच आहे. "जोडलाय" या एका शब्दामागे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कॉम्प्युटरमधल्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमना माहीत असतात. आपल्याला त्यातलं नक्की काय हवंय हे ठरवून योग्य त्याला विचारलं की बाकीचं फार अवघड राहत नाही.

(खालच्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि शब्दांमध्ये इथे आहे तशीच जागा सोडून टाइप करायच्या.)

## पेअर्ड, कनेक्टेड आणि प्रत्यक्ष आवाज

फोन कॉलचं उदाहरण घेऊ. एखाद्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहे ही एक गोष्ट. तुम्ही कॉल लावला आणि समोरच्याने उचलला ही दुसरी. आणि तो खरंच बोलतोय, तुम्हाला ऐकू येतंय, ही तिसरी. नंबर सेव्ह आहे म्हणून कॉल चालू आहे असं कुणी म्हणणार नाही, आणि कॉल उचलला म्हणून बोलणं चालू आहे असंही नाही, समोरचा गप्पही बसलेला असू शकतो.

ब्लूटूथमध्ये नंबर सेव्ह असणं म्हणजे पेअर्ड. दोन डिव्हाइसनी एकदा ओळख करून घेतली, एक गुप्त किल्ली दोघांनी जपून ठेवली, की ते पेअर्ड झाले. त्यानंतर हेडफोन महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला तरी पायच्या यादीत तो पेअर्डच दिसणार. कॉल उचलला जाणं म्हणजे कनेक्टेड, म्हणजे आत्ता या क्षणी दोघांमध्ये रेडिओची लिंक आहे. आणि प्रत्यक्ष बोलणं म्हणजे ऑडिओची स्ट्रीम, त्या लिंकवरून आवाजाचा डेटा जाणं.

मदत मागायला येणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीत घोळ करतात. नुसती "ब्लूटूथसीटीएल डिव्हाइसेस" ही कमांड चालवून तिच्यात आपल्या हेडफोनचं नाव शोधतात आणि सापडलं की जोडलाय असं समजतात. ती यादी माहीत असलेल्या डिव्हाइसची असते, कनेक्ट असलेल्यांची नाही. हेडफोन बंद असतानाही स्क्रिप्ट हो का म्हणते त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

## आत कोण काय सांभाळतं

सगळ्यात खाली ब्लूटूथची चिप. तिच्यावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे पायवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्यावर ब्लूझ, म्हणजे लिनक्समधलं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, जे २००१ पासून कर्नलसोबत आहे. त्याचा पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्लूटूथडी. कोण पेअर्ड, कोण कनेक्टेड, कोणाला काय काय जमतं, ही वही त्याच्याकडे.

पण ब्लूझ स्वतः गाणी वाजवत नाही. २०१२ मध्ये ब्लूझची ५ वी आवृत्ती आली तेव्हापासून आवाजाचं काम त्याने पूर्णपणे दुसऱ्यांवर सोडलं. ते काम ऑडिओ सर्व्हर करतो, म्हणजे कुठल्या ॲपचा आवाज कुठल्या स्पीकरला पाठवायचा हे ठरवणारा मधला प्रोग्रॅम. रास्पबेरी पायच्या डेस्कटॉपवर २०२० च्या शेवटाला पल्सऑडिओ आला आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून त्याची जागा पाइपवायरने घेतली. डेस्कटॉप नसलेल्या लाइट आवृत्तीवर काही जण हे दोन्ही टाळून ब्लूअल्सा नावाचा हलका पर्याय लावतात, आणि एकच स्पीकर, एकच काम असेल तर तो अगदी पुरेसा आहे.

या सगळ्यांचं आपसातलं बोलणं डीबसवरून चालतं. डीबस म्हणजे लिनक्समधल्या प्रोग्रॅमना एकमेकांना निरोप पाठवण्यासाठी आणि माहिती विचारण्यासाठी असलेली सामायिक व्यवस्था. पुढे ती बरीच कामाला येणार आहे.

तर लिंक आहे का हे ब्लूझला विचारायचं, आवाज पाठवायची वाट तयार आहे का हे ऑडिओ सर्व्हरला. इंटरनेटवर सापडणारे जुने लेख अजून एचसीआयटूल नावाचं ब्लूटूथचं टूल वापरायला सांगतात, ते आता अधिकृतपणे जुनं ठरवलंय, नव्या सिस्टिमवर कधी असतं कधी नसतं, तेव्हा नवीन स्क्रिप्ट त्याच्या भरवशावर लिहू नका.

## ब्लूझला विचारायचं ते असं

नव्या ब्लूझमध्ये "ब्लूटूथसीटीएल डिव्हाइसेस कनेक्टेड" लिहिलं की फक्त आत्ता कनेक्ट असलेल्यांची यादी येते. आवृत्ती जुनी असेल तर तो शेवटचा शब्द तिला कळत नाही, मग "ब्लूटूथसीटीएल इन्फो" आणि पुढे डिव्हाइसचा ॲड्रेस द्यायचा. ॲड्रेस म्हणजे कोलनने तोडलेल्या सहा जोड्या, प्रत्येक ब्लूटूथ डिव्हाइसला असतो तो.

इन्फोचं उत्तर एकदा नीट वाचण्यासारखं असतं, बहुतेक लोक त्यातली एकच ओळ उचलतात आणि बाकी सोडून देतात. वर नाव असतं, त्याखाली क्लास नावाचा आकडा, मग आयकॉन, तिथे हेडसेटसाठी "ऑडिओ-हेडसेट" असं लिहिलेलं असतं. पुढे पेअर्ड, ट्रस्टेड, ब्लॉक्ड, कनेक्टेड आणि प्रत्येकासमोर यस किंवा नो. मग यूयूआयडीच्या भरपूर ओळी, म्हणजे या डिव्हाइसला येणाऱ्या कामांची यादी, प्रत्येक काम आणि त्याचा ठरलेला क्रमांक. काही हेडफोन बॅटरीची टक्केवारीही कळवतात, ती पण इथेच.

शेल स्क्रिप्टमध्ये या उत्तरातून "कनेक्टेड: यस" ही ओळ ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) शोधणं चालतं, छोट्या कामाला काही हरकत नाही. पण ही कमांड माणसांनी वाचायला केलेली आहे. तिच्यात रंगांचे छुपे कोड येऊ शकतात, आवृत्ती बदलली की शब्द बदलतात, आणि ब्लूटूथडी बंद असेल तर ती त्याची वाट बघत अडकून राहू शकते आणि तिच्यासोबत तुमची स्क्रिप्टही. म्हणून तिच्या आधी टाइमआउट कमांड लावा, ५ सेकंद पुष्कळ झाले.

माझी पसंती बससीटीएलला आहे. ही सिस्टिमडीसोबतच (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्रॅम) येते आणि थेट डीबसवर विचारते. ब्लूझचं नाव, डिव्हाइसचा डीबसवरचा पत्ता आणि कनेक्टेड हा गुणधर्म एवढं दिलं की उत्तर येतं "बी ट्रू" किंवा "बी फॉल्स", बाकी एक अक्षर नाही. फक्त एक लक्षात ठेवा, डीबसच्या पत्त्यात ॲड्रेसमधले कोलन जाऊन त्यांच्या जागी अंडरस्कोर येतात. ऑडिओ सर्व्हरच्या नावांतही तसंच. ॲड्रेस बरोबर आहे, कमांड बरोबर आहे, तरी ग्रेपला काही सापडत नाही, असं झालं तर आधी हेच बघायचं.

## पण जोडलेलं ते ऑडिओचंच आहे हे कशावरून?

कीबोर्ड पण ब्लूटूथचा असतो, माउस पण, गेमचा कंट्रोलर पण. तुमच्याकडे एकच ठरलेला स्पीकर असेल तर त्याचा ॲड्रेस स्क्रिप्टमध्ये लिहून टाका आणि हा भाग सोडून द्या. पण कुठलाही हेडफोन आला तरी चालायला हवं असेल तर ओळख पटवावी लागते.

आयकॉन बघणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कच्चं, तो अंदाजाने ठरवलेला असतो आणि कधीकधी नसतोही. क्लास जरा बरा. तो २४ बिटांचा आकडा, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, सहा अंकी. समजा २४०४०४ आलं, तर मधल्या ०४ चा अर्थ ऑडिओ-व्हिडिओ गटातलं डिव्हाइस, आणि शेवटच्या ०४ चा अर्थ डोक्यावर घालायचा हेडसेट. शेवटी १४ असेल तर लाउडस्पीकर, १८ असेल तर हेडफोन. हे एकदा कळलं की तो आकडा बघून छान वाटतं, पण क्लास हा डिव्हाइसने स्वतःबद्दल केलेला दावा असतो आणि स्वस्त डिव्हाइस तिथे काहीही भरून ठेवतात.

भरवसा ठेवायचा तो यूयूआयडीवर. चांगल्या दर्जाचा स्टीरिओ आवाज ज्या पद्धतीने जातो तिला एटूडीपी म्हणतात. तिच्यात आवाज ऐकवणारी बाजू म्हणजे ऑडिओ सिंक, क्रमांक ११०बी, आणि आवाज पाठवणारी बाजू म्हणजे ऑडिओ सोर्स, क्रमांक ११०ए. हेडफोनच्या यादीत ११०बी असतो. फोनच्या यादीत ११०ए असतो. म्हणजे स्क्रिप्टने एवढंच बघायचं, कनेक्टेड आहे आणि यादीत ११०बी आहे, तर हा आवाज ऐकवू शकणारा गडी. कीबोर्ड, माउस आपोआप बाजूला पडतात.

## ऑडिओ सर्व्हरला विचारायचं ते असं

तुम्हाला आवाज वाजवायचा असेल तर लिंक असण्यावर समाधान मानू नका. लिंक असूनही आवाजाची वाट नसणं हे अगदी नेहमीचं आहे.

"पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सिंक्स" ही कमांड आवाज जाऊ शकेल अशा सगळ्या जागांची यादी देते. पल्सऑडिओवर ब्लूटूथच्या सिंकचं नाव "ब्लूझ_सिंक" पासून सुरू होतं, पाइपवायरवर "ब्लूझ_आउटपुट" पासून. जुनी स्क्रिप्ट बुकवर्मवर आली आणि एकदम आंधळी झाली तर हा नावातला बदल पहिला तपासा. नव्या आवृत्त्यांमध्ये हीच माहिती जेसनमध्येही (प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशी मांडणी) मागता येते, पायथनवाल्यांनी तीच मागावी. शब्दांवरून शोधणाऱ्यांनी कमांडच्या आधी "एलसी_ऑल" ला सी ही किंमत द्यावी, नाहीतर सिस्टिमची भाषा बदलली की उत्तराची भाषाही बदलते आणि ग्रेप रिकाम्या हाताने परत येतो.

त्याच ओळीच्या शेवटी स्थिती असते: रनिंग, आयडल किंवा सस्पेंडेड. सस्पेंडेड बघून खूप लोक घाबरतात. काही बिघडलेलं नसतं, साधारण ५ सेकंद काही वाजलं नाही की ऑडिओ सर्व्हर ती वाट झोपवतो, वीज वाचते, आणि गाणं लावलं की ती पुन्हा जागी होते. फोन कॉलमध्ये समोरचा गप्प बसलाय, कॉल चालूच आहे. तेव्हा हेडफोन आहे का, या प्रश्नासाठी सिंकचं असणं पुरेसं. आत्ता काही वाजतंय का, या प्रश्नासाठी रनिंग बघायचं.

आणखी एक. कॉलसाठीची पद्धत वेगळी असते, तिला एचएफपी म्हणतात, तिच्यात माइक चालतो पण आवाज मोनो आणि कमी दर्जाचा होतो, जुन्या प्रकारात सेकंदाला ८,००० नमुने, सुधारित प्रकारात १६,०००, गाण्यासाठी साधारणपणे ४४,१०० किंवा ४८,००० लागतात. हेडफोन या पद्धतीत अडकला तरी सिंक यादीत दिसतोच. गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटत असेल तर "पीएसीटीएल लिस्ट कार्ड्स" मध्ये ॲक्टिव्ह प्रोफाइल, म्हणजे आत्ता कुठली पद्धत चालू आहे ते, बघा. गाण्यासाठीच स्क्रिप्ट असेल तर तिने प्रोफाइलमध्ये एटूडीपी आहे याचीही खात्री करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

## टर्मिनलमध्ये चालते, क्रॉनमधून मात्र नाही

सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी गोष्ट ही. हाताने चालवली की स्क्रिप्ट अचूक, आणि तीच क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) किंवा सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये टाकली की म्हणते हेडफोन नाही, नाहीतर कनेक्शन नाकारलं अशी एरर देते.

कारण असं की ब्लूझ अख्ख्या मशीनसाठी एकच चालतो, त्याला कुणीही विचारू शकतं. ऑडिओ सर्व्हर मात्र प्रत्येक युझरच्या सेशनचा असतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्या नावाने तो सुरू होतो. रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युझरच्या नावाने, चाललेली सर्व्हिस रूटचा ऑडिओ सर्व्हर शोधते, तो अस्तित्वातच नसतो, आणि कमांड रूटच्या नावाने चालवणारं सुडो लावून प्रश्न सुटत नाही, उलट तिथूनच सुरू होतो.

उपाय म्हणजे स्क्रिप्ट त्याच युझरची सर्व्हिस म्हणून चालवायची, "सिस्टिमसीटीएल" ला "युझर" हा पर्याय देऊन. लॉगिन न करताही ती चालू राहावी म्हणून "लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर" एकदा चालवायचं. क्रॉनच वापरायचा असेल तर "एक्सडीजी_रनटाइम_डिर" हे व्हेरिएबल स्वतः द्यावं लागतं, पहिल्या युझरसाठी बहुतेक "रन/युझर/१०००" हे फोल्डर.

एवढं करूनही मॉनिटर न लावलेल्या, फक्त एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने लॉगिन करून) वापरल्या जाणाऱ्या पायवर पाइपवायरला ब्लूटूथ दिसतच नाही असं होतं. ब्लूझ म्हणतो कनेक्ट होतोय आणि लगेच तुटतोय, किंवा एसएसएच बंद केलं की आवाज जातो, आणि माणूस दिवसभर हेडफोनला दोष देत बसतो. यामागे वायरप्लंबर आहे. पाइपवायरमध्ये काय कशाला जोडायचं ते ठरवणारा हा प्रोग्रॅम. एका मशीनवर दोन युझर असले तर ब्लूटूथवरून भांडण नको म्हणून तो प्रत्यक्ष स्क्रीनसमोर बसून लॉगिन केलेल्या युझरलाच ब्लूटूथ देतो. स्क्रीनच नसेल तर कुणालाच नाही. त्याच्या कॉन्फिगमध्ये ब्लूझसाठीचं सीट-मॉनिटरिंग बंद केलं की हा अडथळा जातो. मुद्दाम घातलेली, विचार करून केलेली सोय आहे ही, फक्त बिनस्क्रीनच्या पायचा तिच्यात विचार नव्हता.

## हेडफोन ऑन केल्यानंतरचे दोनतीन सेकंद

स्क्रिप्टने "कनेक्टेड" ऐकलं आणि त्याच क्षणी गाणं लावलं तर ते बऱ्याचदा एचडीएमआयवर वाजायला लागतं. का ते बघू.

बटण दाबलं की हेडफोन आधी पायला गाठतो आणि रेडिओची लिंक तयार होते. लगेच ब्लूझ कनेक्टेडला ट्रू करतो, इथे तुमची स्क्रिप्ट जागी होते. पण अजून एन्क्रिप्शन सुरू व्हायचंय, एटूडीपी जोडलं जायचंय, आवाज कुठल्या कोडेकने (आवाज दाबून लहान करायची पद्धत) पाठवायचा यावर दोघांचं एकमत व्हायचंय. ते झालं की ब्लूझ डीबसवर मीडिया ट्रान्सपोर्ट नावाची एक नवी वस्तू ठेवतो, म्हणजे आवाजाची वाट तयार असल्याची नोंद. ती बघून ऑडिओ सर्व्हर सिंक बनवतो, आणि मग कधीतरी तो सिंक डीफॉल्ट होतो. माणसाला हे सगळं क्षणात झाल्यासारखं वाटतं, स्क्रिप्टसाठी मात्र तो बराच मोठा काळ आहे.

पुष्कळ लोक इथे स्लीप ५ टाकून मोकळे होतात. चालतं, पण ज्या दिवशी हेडफोन सहा सेकंद घेईल त्या दिवशी नाही चालणार. त्यापेक्षा सिंक येईपर्यंत थांबा, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने बघत, जास्तीत जास्त १५ सेकंद, आणि नाही आला तर सरळ सांगा की लिंक आहे पण आवाजाची वाट नाही. आणि गाणं लावताना डीफॉल्टवर विसंबू नका, त्या सिंकचं नाव देऊन तिथेच पाठवा.

## दर दोन सेकंदांनी विचारत राहिलं तर काय बिघडलं?

खरं सांगायचं तर फार काही बिघडत नाही. पाय ४ किंवा ५ ला असल्या कामाचं ओझं जाणवणार नाही. एका स्पीकरसाठी, कधीतरी उशीर झाला तरी चालेल अशा कामासाठी, लूप आणि स्लीप घालून तयार झालेली स्क्रिप्ट चांगलीच म्हणायची.

पण दोन तोटे आहेत. एक म्हणजे दोन विचारण्यांच्या मध्ये हेडफोन सुटून परत जोडला गेला तर स्क्रिप्टला कळतच नाही. दुसरा म्हणजे झीरोसारख्या बोर्डवर दर वेळी नवा प्रोग्रॅम सुरू करणं महाग पडतं, आणि बॅटरीवर चालणारं काही बनवत असाल तर आणखीच. म्हणून विचारत बसण्यापेक्षा ऐकत बसणं बरं. काही बदललं की ब्लूझ स्वतःहून डीबसवर "प्रॉपर्टीज चेंज्ड" असा सिग्नल देतो. पायथनमध्ये डीबसची लायब्ररी घेऊन तो ऐकायला वीसतीस ओळी लागतात. शेलमध्येच राहायचं असेल तर "पीएसीटीएल सबस्क्राइब" चालू ठेवून तिच्या ओळी व्हाइल-रीडने वाचता येतात, नवीन सिंक आला की "न्यू", गेला की "रिमूव्ह".

यात एक फट राहते ती आधीच बुजवा. स्क्रिप्ट सुरू झाली तेव्हा हेडफोन आधीपासूनच जोडलेला असेल तर सिग्नल येणारच नाही, कारण काही बदललंच नाही. म्हणून आधी ऐकायला सुरुवात करायची, मग लगेच एकदा सद्यस्थिती विचारून घ्यायची, याच क्रमाने. उलट केलं तर त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये घडलेलं निसटतं. आणि "रिमूव्ह" दिसल्याबरोबर हेडफोन गेला असं जाहीर करू नका, गाण्याच्या पद्धतीतून कॉलच्या पद्धतीत जाताना जुना सिंक जाऊन नवा येतो, तेव्हा एखाद सेकंद थांबून पुन्हा बघा.

## यूडेव्हचा नियम लिहिला की झालं ना?

यूडेव्ह म्हणजे नवं हार्डवेअर दिसलं की ठरलेलं काम करणारी लिनक्सची यंत्रणा, यूएसबीसाठी उत्तम. ब्लूटूथ हेडफोनसाठीही ती कधीकधी चालते, पण कशामुळे चालते ते बघा: हेडफोनवर प्ले-पॉझची बटणं असतात, त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक खोटा कीबोर्डसारखा इनपुट तयार होतो, आणि यूडेव्हला तो दिसतो. म्हणजे तुम्ही आवाजाची नाही, बटणांची चाहूल घेताय. बटणंच नसलेल्या स्पीकरवर हा नियम गप्प बसेल. वर यूडेव्हमधून चाललेली कमांड रूटची, ऑडिओ सर्व्हर युझरचा, आणि कमांड जास्त वेळ चालली तर यूडेव्ह ती मारून टाकतो. मी हा रस्ता घेणार नाही.

## हेडफोन घेऊन लांब गेलो तरी स्क्रिप्ट म्हणते जोडलेलाच आहे

बटण दाबून बंद केला तर हेडफोन जाताना निरोप घेतो आणि कनेक्टेड लगेच फॉल्स होतं. रेंजच्या बाहेर गेला किंवा बॅटरी अचानक संपली तर कुणी काही सांगत नाही. मग चिप वाट बघते. क्लासिक ब्लूटूथमध्ये या वाट बघण्याची ठरलेली मुदत २० सेकंद आहे, कॉल चालू असताना समोरच्याची रेंज गेली की आपण हॅलो हॅलो करत राहतो तसं. तेवढा वेळ स्क्रिप्टला हो हेच उत्तर मिळणार, आणि तिला यापेक्षा जास्त कळण्याचा मार्ग नाही. ती मुदत आणखी कमी करायच्या नादी लागू नका, भिंतीआड क्षणभर गेलं तरी गाणं तुटायला लागेल.

असंच आणखी एक. आजकालचे बरेच हेडफोन एकाच वेळी दोन डिव्हाइसना जोडलेले राहतात. पाय म्हणतो कनेक्टेड, सिंक आहे, रनिंग पण आहे, आणि कानात मात्र फोनवरचा व्हिडिओ चालू असतो. आवाज पाठवला गेला हे पायला कळतं. ऐकला गेला हे नाही. तेव्हा औषधाची आठवण, दाराची घंटा असलं काही महत्त्वाचं फक्त "हेडफोन कनेक्टेड आहे" यावर सोडू नका, सोबत दिवा लावा, फोनवर मेसेज पाठवा.

## आणि उलट दिशेने, फोन पायला जोडला तर?

पायचाच स्पीकर केला असेल, म्हणजे फोनवरून गाणं पायला पाठवायचं, तर सगळं उलटं होतं. आता शोधायचा क्रमांक ११०बी नाही, ११०ए. ऑडिओ सर्व्हरमध्ये तो सिंकच्या यादीत दिसणार नाही, सोर्सच्या यादीत शोधावा लागेल, आणि पाइपवायरमध्ये नाव "ब्लूझ_इनपुट" पासून सुरू होईल. फोन कनेक्टेड आहे पण गाणं थांबवलंय, हा फरक इथे जास्त लागतो (ॲम्प्लिफायर चालूबंद करायचा असतो ना), तो मीडिया ट्रान्सपोर्टच्या स्टेटमध्ये मिळतो: आयडल म्हणजे शांत, ॲक्टिव्ह म्हणजे आवाज येतोय.

## बूट झाल्यावर हेडफोन आपोआप का जोडला जात नाही?

हेडफोन चालू केला की तो स्वतःहून शेवटच्या ओळखीच्या डिव्हाइसला शोधतो. पाय चालू असेल आणि त्याने हेडफोनला ट्रस्टेड ठरवलं असेल तर काम होतं. ट्रस्टेड नसेल तर ब्लूझ परवानगी विचारतो आणि बिनस्क्रीनच्या पायवर ती द्यायला कुणी नसतं, म्हणून "ब्लूटूथसीटीएल ट्रस्ट" एकदा करून ठेवाच.

पण हेडफोन आधी चालू झाला आणि पाय नंतर बूट झाला तर हेडफोनने शोधून सोडून दिलेलं असतं आणि पायला कुणी शोधायला सांगितलेलं नसतं. अशा वेळी स्क्रिप्टनेच एकदा "ब्लूटूथसीटीएल कनेक्ट" करायचं, ऑडिओ सर्व्हर सुरू झाल्यानंतर. आधी केलं तर ब्लूझकडे एटूडीपी सांभाळायला कुणीच हजर नसतं आणि कनेक्ट अपयशी ठरतं, प्रोफाइल उपलब्ध नाही अशा अर्थाची एरर येते. पहिला प्रयत्न फसला तर दहा सेकंदांनी आणखी एकदोनदा, आणि मग सोडून द्यायचं. हेडफोन पुढे कधी चालू झाला तर तो स्वतःच येईल, आणि तुमची स्क्रिप्ट तोवर ऐकत बसलेली असेलच.